सगळी मदार

फोनला नवी बॅटरी केस घालून घरी आलो. आईनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "चष्म्याचं घर कशाला आणलंस? तुला कुठे चष्मा आहे?"

"आई, हा माझा फोन आहे."

"असं? मग एवढा सुजलाय कशानं?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सूज नाही हो आई, अठराशे रुपये आहेत ते."

मुलीनं एकच विनंती केली, "बाबा, माझ्या मैत्रिणी येतील तेव्हा हा टेबलावर ठेवू नका. ठेवलातच तर वर रुमाल टाका." सोसायटीच्या वॉचमननं मात्र फोन माझ्या कानाला लागलेला पाहिला आणि उठून सलाम ठोकला. त्याला तो वॉकीटॉकी वाटला होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस फार चांगले गेले.

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरी केस म्हणजे फोनचं कव्हर, पण त्याच्या पाठीत आणखी एक बॅटरी दडवलेली असते. फोन त्यात सरकवला की खालची पिन आपोआप बसते. आतली बॅटरी संपत आली की बटण दाबायचं, पाठीतली बॅटरी पोटातल्या बॅटरीला पाजू लागते. रात्री एकच वायर लावायची, दोघी भरतात. कल्पना निर्दोष आहे. दोष काय तो आरशात दिसतो.

आता ही वेळ का आली ते सांगतो. पूर्वी आमच्याकडे थोरल्या भावाचे शर्ट धाकट्याकडे यायचे. हल्ली पुतण्याचे फोन काकाकडे येतात. माझा फोन असाच अमेरिकेतून, पुतण्याच्या हातून उतरून आला. कंपनीचं नाव सांगत नाही, दिल्या फोनाची बॅटरी मोजू नये. पण मोजलीच. मुळात दोन हजार एमएएचच्या आतली, त्यात पुतण्यानं वापरून घेतलेली तीन वर्षं. सकाळी डोंबिवलीला १००, दुपारच्या डब्याला ५०, संध्याकाळी व्हीटीला गाडीत चढताना १८. ठाण्यापर्यंत कसाबसा धीर धरायचा आणि मुंब्रा आलं की मान टाकायचा.

एरवी यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण पूर्वी माणसाच्या खिशात पाकीट, पास, पत्त्यांची डायरी, घड्याळ आणि रुमाल एवढी मंडळी असायची. ती सगळी एकेक करून फोनमध्ये राहायला गेली. रुमाल तेवढा मागे राहिलाय, आणि रुमालानं रिक्षाचे पैसे देता येत नाहीत.

एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. पास संपून दोन दिवस झाले होते, म्हणून तिकीट फोनवर काढलं होतं. डोंबिवलीच्या पुलावर टीसींनी हात पुढे केला तेव्हा फोन मुंब्र्यालाच निवर्तला होता. फोनवरचं तिकीट मागताक्षणी दाखवता आलं नाही तर ते नसल्यातच जमा, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. "तिकीट फोनमध्ये आहे, पण फोन झोपलाय," हे वाक्य त्या बिचाऱ्यांनी दिवसभरात किती जणांकडून ऐकलं असेल! २५० रुपये दंड, अधिक भाडं. मी मान्य केलं. त्यांनीही सौजन्यानं दंड भरायला क्यूआर कोड पुढे केला. मग आम्ही दोघं काही क्षण माझ्या काळ्याठिक्कर फोनकडे बघत उभे राहिलो.

आमच्या डब्यातले बँकवाले काका मागून येत होते म्हणून सुटलो. ते अजूनही पाचशेची नोट घडी करून पासाच्या मागे ठेवतात. पैसे भरून झाल्यावर पूल उतरता उतरता ते म्हणाले, "अरे, ती बॅटरीवाली केस घे एक. दिसायला वाईट असते, पण तू तरी कुठे…" आणि त्यांची रिक्षा आली.

लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. त्या नावानं टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला तर तो आपल्यालाच पत्ता विचारतो. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात माझ्या मॉडेलची केस मिळाली. माझ्या शेजारचा गिऱ्हाईक आपला अँड्रॉइड फोन पुढे करून विचारत होता, त्याला दुकानदारानं मान हलवून वाटेला लावलं. त्याचंही बरोबर होतं. केस म्हणजे साच्यातलं काम. आयफोनचं एक मॉडेल जगात कोट्यवधी खपतं, त्यामुळे साचा काढणं परवडतं. अँड्रॉइडचे आकार श्रावणातल्या व्रतांइतके; दर महिन्याला नवा फोन, कॅमेरा कधी डावीकडे, कधी मधोमध. त्यांच्या मापाच्या केसा कोण शिवत बसणार?

दुकानदारानं पेटी उघडली. आतली वस्तू पाहून मी दचकलो. "जरा पातळ नाही का यात?"

त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "साहेब, पातळच पाहिजे तर फोन आहे ना तुमच्याकडे!"

या वाक्यावर एखाद्याला पीएच.डी. करता येईल. मी अठराशे रुपये मोजले.

सूज एकट्या माझ्याच फोनला आलेली नाही, हे नंतर वाचनात आलं तेव्हा बरं वाटलं. अमेरिकेतली मोफी ही कंपनी आयफोनच्या सुरुवातीच्या वर्षांपासून 'ज्यूस पॅक' नावाच्या बॅटरी केसा विकत होती. त्यांची सूज तरी सर्वांगाला सारखी होती. डिसेंबर २०१५ मध्ये खुद्द ॲपलनं आयफोन ६ आणि ६एससाठी स्मार्ट बॅटरी केस काढली, किंमत ९९ डॉलर. जगातली प्रत्येक वस्तू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत करण्याची ज्यांना हौस, त्यांनीच पाठीच्या मधोमध एक आयताकृती टेंगूळ आणून ठेवलं. जिथे बॅटरी तिथेच जाडी, बाकी सगळं सडपातळ. जगभर थट्टा झाली. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना मुलाखतीत त्या उंचवट्याबद्दल छेडलं, तेव्हा आपण बहुधा त्याला तसं म्हणणार नाही, असं ते म्हणाले. आमच्याकडेही मुलाचं पोट सुटलं की आई म्हणतेच, "पोट कुठलं, अंगानं भरलाय जरा." २०१९ मध्ये आलेल्या केसमध्ये त्यांनी ते टेंगूळ खालच्या कडेपर्यंत उतरवून दिलं. किंमत १२९ डॉलर झाली. चरबी पसरली, भाव वाढला.

इंग्रजीत त्या टेंगळाला लोक उंटाच्या पाठीवरून नाव ठेवत होते. पण ते नाव खरं शोभतं ते मराठीत. उंटाच्या पाठीवर असते ती मदार, आणि ज्याच्यावर आपली भिस्त असते तीही मदारच. तिकीट, पैसे, रिक्षा, ओटीपी, बायकोचा 'येताना कोथिंबीर आणा' हा निरोप, सगळ्याची मदार पाठीवरच्या त्या मदारीवर. बाकी कुठल्या भाषेला हे साधलंय ते दाखवा.

मात्र उंटाचं एक कौशल्य बॅटरी केसवाल्यांना अजून जमलेलं नाही. उंटाच्या मदारीत पाणी असतं हा आपला शाळेपासूनचा गैरसमज. तिथे असते चरबी. वाळवंटात खायला मिळालं नाही की ती खर्ची पडते आणि मदार सैल होऊन एका बाजूला कलंडते. म्हणजे शिधा संपला की ओझंही संपलं. बॅटरी केस रिकामी झाली तरी गुंजभरही हलकी होत नाही. दुपारपर्यंत भरलेला डबा वाहायचा आणि रात्री घरी पोचेपर्यंत रिकामा, वजन तेवढंच.

त्या वजनाचं सांगतो. आईनं एकदा फोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. केससकट बरोबर २५० ग्रॅम भरला. "पाव किलो!" ती म्हणाली, "पाव किलो श्रीखंड चौघांना पुरतं." खिशात पाव किलो ऐवज घेऊन वावरणाऱ्यानं शर्टाचा वरचा खिसा विसरावा. मी विसरलो नाही. चुलत बहिणीच्या लग्नात आत्याच्या पाया पडायला वाकलो, आणि खिशातला ऐवज सुटून नेमका तिच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. 'आयुष्मान हो'मधला 'आ' तिच्या तोंडून निघालाच होता. त्याला पुढे 'ई गं' लागलं. माझ्या आयुष्याचं काय ते त्यामुळे अधांतरीच राहिलं. फोनला मात्र ओरखडाही आला नाही. केसच्या बाजूनं पुरावा म्हणून हे नोंदवून ठेवतो.

क्षमतेच्या आकड्यांतही एक गंमत असते. केसवर ठसठशीत लिहिलेलं असतं ५०००. आपण हिशेब करतो: आपला फोन दोन हजारांचा, म्हणजे अडीच वेळा भरेल. तसं होत नाही. तो आकडा केसमधल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा. बाहेर पडताना वीज ५ व्होल्टला चढवावी लागते, तिथेच पाच हजारांचे सदतीसशे होतात. फोन ती पुन्हा आपल्या बॅटरीच्या पातळीवर उतरवून घेतो. या चढउतारात काही भाग नुसता गरम होण्यात जातो. लग्नाच्या पंगतीत तुपाची वाटी घेऊन निघालेला वाढपी पहिल्या पानावर सढळ असतो, मधल्या पानांवर हात आखडतो आणि शेवटच्या पानाला चमच्याचा वास दाखवून पुढे सरकतो, तसंच हे. तूप वाटीत होतं हे खरं, पण आपलं पान कितवं ते कुणी सांगत नाही.

आणि ते गरम होणं फुकट जात नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापत राहिली की ती लवकर म्हातारी होते. मे महिन्यात, डोंबिवलीत, पाठीला रबरी गोधडी बांधून फोन चार्ज करायचा म्हणजे काय होत असेल! बॅटरी टिकत नाही म्हणून केस, आणि केसच्या उबेनं बॅटरी आणखी टिकत नाही. सावकारी यापेक्षा वेगळी काय असते?

पण या वस्तूला सगळे जो दोष देतात तो वजनाचा नाही की तुपाचा नाही, दिसण्याचा. आणि इथेच मला चार शब्द बोलायचे आहेत.

फोन बारीक करण्यासाठी कारखान्यात किती हुशार माणसं किती रात्री जागतात! २०१४ चा आयफोन ६ होता ६.९ मिलिमीटर. खिशात ठेवलेला तो फोन वाकल्याच्या काहींच्या तक्रारी जगभर गाजल्या. तरी हौस फिटली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन एअर आला, ५.६ मिलिमीटरचा, भारतात १,१९,९०० रुपयांपासून. आणि त्याच दिवशी, त्याच कंपनीनं, त्याच फोनच्या पाठीला चिकटवायची वेगळी बॅटरी जाहीर केली, ९९ डॉलरला. आधी पोट कापायचं आणि मग तेच पोट वेगळ्या बिलावर द्यायचं. आमचा शिंपीही कापड मारतो. पण मारलेलं कापड आम्हालाच परत विकत नाही.

बरं, हा बारीकपणा आपण बघतो तरी कधी? आपल्याकडे नवा फोन पेटीतून निघतो, घरातले सगळे 'छान आहे' म्हणतात आणि तो टेबलावर टेकायच्या आत त्याला काच आणि कव्हर चढतं. कव्हर पारदर्शक, कारण फोनचा रंग दिसला पाहिजे; चार महिन्यांत ते हळदीच्या दुधाच्या रंगाचं होतं. त्यावर अंगठी चिकटते, आत घडी केलेली वीस रुपयांची नोट आणि गजाननमहाराजांचा फोटो जातो. फोन मालकाला उघड्या अंगानं भेटतो दोनदाच: घेतला त्या दिवशी आणि विकायला काढला त्या दिवशी. विकताना माणूस स्वतःच चकित होतो. "अरे, हा निळा होता!"

आपण तर टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक घालणारी माणसं. आमच्या सोफ्यावर कव्हर आहे आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. मूळ सोफा कसा आहे हे फक्त तोंडी सांगितलं जातं. एका नातेवाइकांनी नव्या गाडीच्या सीटचं प्लॅस्टिक दोन वर्षं काढलं नव्हतं. त्यांच्या गाडीत बसलं की कुणीतरी चिवडा खातंय असा आवाज यायचा. अशा घराण्यातल्या माणसानं माझ्या फोनकडे बघून 'जाडा दिसतो' म्हणावं?

दिसण्याचा मुद्दा निकालात काढला तरी पॉवर बँक उरतेच. स्वस्त, कुठल्याही फोनला चालणारी, नको तेव्हा घरी ठेवता येणारी. मीही सुरुवात तिथूनच केली होती. पण पॉवर बँकेला तीन हात लागतात: एक वरच्या कडीला, एक फोनला आणि एक पॉवर बँकेला. देवांना चालेल, दुसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला चालत नाही. पॉवर बँक पाठीवरच्या बॅगेत, फोन हातात आणि मध्ये मीटरभर वायर, असा एकदा कुर्ल्याच्या गर्दीतून चाललो होतो. वायरचा वेढा एका गृहस्थांच्या डब्याच्या पिशवीला बसला. घाटकोपरला ते उतरायला निघाले आणि माझा फोन त्यांच्याबरोबर निघाला. फोनपाठोपाठ वायर, वायरपाठोपाठ बॅग आणि बॅगेपाठोपाठ मी. "सोडा हो, सोडा!" मी ओरडलो. ते म्हणाले, "मीच धरलंय का तुम्हाला?" मला उतरायचं होतं डोंबिवलीला.

बॅटरी केसचा विजय आहे तो इथे, आणि फक्त इथेच. ती एका हातात मावते. वायर नाही, लोंबकळणं नाही, कुणाच्या संसारात अडकणं नाही. उभ्यानं, चेंगरून, एक हात कडीला देऊन जो रोज तासभर जातो त्याच्यासाठी ही वस्तू आहे. ऑफिसात टेबलाखाली प्लग असणाऱ्यानं ती घेणं म्हणजे नळ असताना खांद्यावर कावड.

मग फोनवाल्यांनी मुळातच मोठी बॅटरी का घालू नये? घालतात की. सॅमसंगनं २०२० मध्येच गॅलेक्सी एम५१ हा ७००० एमएएचचा फोन भारतात आणला. टोकही गाठून झालंय. फेब्रुवारी २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या प्रदर्शनात एनर्जायझर या नावाखाली १८,००० एमएएचचा फोन मांडला गेला, जाडी १८ मिलिमीटर. बघायला झुंबड. मग तो प्रत्यक्ष बनवण्यासाठी लोकांकडे इंटरनेटवरून १२ लाख डॉलर मागितले. जमले त्याच्या जेमतेम एक टक्का. म्हणजे जाडजूड बॅटरी सगळ्यांना हवी असते, पण ती आपल्याच फोनच्या पोटात आहे असं चारचौघांत कबूल करायची तयारी नसते. पाठीवर वेगळी बांधलेली बरी, 'माझी नाही, नुसती सांभाळतोय' असं म्हणता येतं.

माझी केस चौदा महिने टिकली. ती मोडली नाही; फोन बदलला. पुतण्याकडे नवा आला, म्हणून माझ्याकडे त्याचा जुना आला, आणि त्याच्या कॅमेऱ्याची जागा चार मिलिमीटरनं सरकलेली. झालं. पॉवर बँक तीन फोनांशी संसार करते, केस एकाशीच. आता ती कपाटाच्या खणात पडली आहे, नोकियाच्या बारीक पिनच्या चार्जरशेजारी. त्याच खणात एक जुनी काढता येणारी बॅटरीही आहे. एकेकाळी तीच पाकिटात घालून फिरायचो. पहिली संपली की मागचं झाकण नखानं उघडून दुसरी घालायची. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. मग प्रगती झाली आणि झाकण बंद झालं.

बँकवाले काका परवा भेटले. त्यांना हा सगळा इतिहास सांगितला. ते म्हणाले, "अरे, पण तीन वर्षांच्या फोनला केस घेण्यापेक्षा आतली बॅटरीच बदलून घ्यायची. तुझ्यासारख्या जुन्या फोनची बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते. बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. रिक्षा आली."

तेव्हा विचारणाऱ्यांसाठी निकाल देऊन ठेवतो. फोन दोन-तीन वर्षांचा असेल तर आधी आतली बॅटरी बदला. महिन्यातून चार वेळाच अडत असेल तर पॉवर बँक घ्या. फोन नवा आहे, तरी रोज संध्याकाळी मान टाकतो आणि घरी परतताना तुमचा एकच हात मोकळा असतो, असं असेल तर बॅटरी केस खुशाल घ्या. फक्त वरच्या खिशात ठेवून कुणाच्या पाया पडू नका. आणि ती दिसते कशी, याची काळजी करू नका. ज्यानं आपल्या घरातल्या रिमोटचं प्लॅस्टिक काढलंय त्यानंच त्यावर बोलावं. अजून तरी कुणी बोललेलं नाही.